घाटाखालचे पोरके

आपत्तीत आईबाप गमावलेल्या मुलासाठी मराठीत दोन शब्द आहेत, अनाथ आणि पोरका. पहिला कागदावरचा, दुसरा घरातला. अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही, डोक्यावर धनी नाही. वारकऱ्यांनी विठ्ठलाला अनाथांचा नाथ मानले, आणि मुरबाड तालुक्यात देहरीजवळ उभे असलेले गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळकेही नाथांच्याच नावाचे. पोरका या शब्दात मात्र देव येत नाही, चूल येते. मूल कोणाच्या चुलीपाशी जेवते, कोणाच्या गोधडीत झोपते, तापाने फणफणले तर रात्री कोण उठते, एवढाच त्या शब्दाचा हिशेब. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर श्रद्धेने मदतीला निघालेला माणूस बहुतेकदा अनाथ शोधत येतो, आणि त्याला भेटतो तो पोरका.

कायद्याला पहिला शब्द लागतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे जन्मदाते, दत्तक पालक किंवा कायदेशीर पालक नसलेले मूल अनाथ ठरते. आणि ज्याचा कायदेशीर पालक सांभाळ करायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तेही. व्याख्येतला हा शेवटचा शब्द, समर्थ, डोंगरातल्या पाड्यावर फार अवघड होऊन बसतो. साठी उलटलेली ठाकर आजी, घरात चार महिन्यांचा तांदूळ, उरलेल्या आठ महिन्यांना मजुरी. ती समर्थ आहे का? ती तयार असतेच. तिला कोणी विचारलेलेही नसते, कारण मूल आधीपासून तिच्याच अंगणात वाढलेले असते. शहरातून आलेल्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांना झोपडी आधी दिसते, आजी नंतर.

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला उरलेला मुख्य आदिवासी मुलूख हाच. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे कड्यांच्या कुशीत विखुरलेले. शहापुरात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे, आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या बायका. पावसाळ्यात याच्या उलट सगळे पाणीच पाणी. खोपिवलीतून अहुपे घाटाने वर चढले की आंबेगाव तालुका लागतो. 30 जुलै 2014 ला ज्या माळीणवर डोंगर कोसळून 151 माणसे गेली, ते त्याच तालुक्यातले गाव. मुरबाडला लागून कर्जत आणि कर्जतला लागून खालापूर, जिथे 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. तालुक्यांच्या हद्दी कागदावर वेगळ्या असतील. डोंगर एक आहे, पाऊस एक आहे आणि त्याखाली राहणाऱ्या लोकांची सोयरीकही हद्द पाहून होत नाही.

या घाटवाटांवरून मदतीचा इतिहासही जातो. कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाट चढतो आणि वर ओतूरला पोचतो. 20 एप्रिल 1877 ला याच ओतुरातून सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. दुष्काळाने जुन्नर भाग होरपळलेला, गुरे चाऱ्यावाचून मरत होती, माणसे गावे सोडून चालली होती, आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते ठिकठिकाणी मदतीची व्यवस्था लावत होते. त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला समाजाने व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या पोटाची सोय केली. हे लोक पुरोहित आणि मूर्ती दोन्ही नाकारणारे. तरी त्यांना अश्रद्ध म्हणणे चुकीचे ठरेल. एका निर्मिकाची सगळी लेकरे, ही त्यांची श्रद्धाच होती, आणि भाकरी वाटताना तिचा उपयोग असा की कोणाला जात विचारावी लागत नव्हती. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच आजाराने 10 मार्चला त्या गेल्या.

पंडिता रमाबाई स्वतःच दुष्काळाने पोरक्या झालेल्या. आई, वडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या उपासमारीत गेले. उरला एक भाऊ. पुढे विधवा झाल्यावर त्या इंग्लंडला गेल्या आणि 1883 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडले, नंतर ते पुण्याला आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवले, आणि तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. छापखाना, विणकाम, शेती, दूधदुभते, आंधळ्या मुलींसाठी वाचनाची सोय, असे एक गावच त्यांनी वसवले. जी स्वतः त्या वाटेने अन्नावाचून चालली होती, तिला वाटेवरच्या मुलीला काय लागते हे कोणी शिकवावे लागले नाही.

पण त्याच रमाबाईंवरून मराठी समाजात जो वाद पेटला तोही याच विषयाचा भाग आहे. 1893 साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या कारणावरून केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. वादातले राजकारण बाजूला ठेवले तरी मूळ प्रश्न खोटा नव्हता. मोठा माणूस मदत घेतो तेव्हा श्रद्धा घ्यायची की नाही हे तो ठरवू शकतो. आठ वर्षांच्या मुलीला ती मुभा नसते. जो भात देतो त्याचा देव तिचा होतो. हे केडगावला जितके खरे तितकेच आज भगव्या, हिरव्या, पांढऱ्या कुठल्याही झेंड्याखाली चालणाऱ्या वसतिगृहाला खरे. आणि दुसरी बाजू अशी, की टीका करणाऱ्यांपैकी फार थोडे जण पुढच्या दुष्काळात मुली आणायला गेले.

शंभर वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या जवळपास माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुले पुण्याला आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. मुलांना काही आठवडे नव्हे, शिक्षण पुरे होईपर्यंत सांभाळले गेले. श्रद्धेच्या बळावर चालणाऱ्या मदतीत हा चिवटपणा दुर्मीळ, म्हणून त्याचे मोल जास्त. तरीही वाघोली आणि किल्लारीत तीनशेच्या आसपास किलोमीटर आहेत. मूल शिकते, पण पाटलाच्या विहिरीपलीकडचे आपले शेत कुठे संपते आणि चुलत्याचे कुठे सुरू होते, हे त्याला सांगणारा कोणी तिथे नसतो. हा दोष संस्थेचा नाही. मुलाला उचलून नेण्याची ती किंमत आहे, आणि ती दर वेळी कोणीतरी मोजून पाहायला हवी.

मूल उचलून न्यायचे की जागीच सांभाळायचे, ही निवड इर्शाळवाडीत पुन्हा पुढे आली. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी, पन्नासाच्या आत घरे, वर जायला रस्ता नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगर आला. पहिली मदत चालत गेली: आसपासच्या वाड्यांतले लोक, खोपोलीचे यशवंती हायकर्स, अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी एकत्र येणारे तिथलेच तरुण. यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा माणसांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. 27 मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 57 जण बेपत्ता होते. काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत मुक्कामाला होती म्हणून वाचली, आणि सकाळी त्यांना कळले की घर, आई, बाप, धाकटी भावंडे, सगळेच मातीखाली आहे. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पोरक्या मुलांचे पालकत्व घेत असल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत दत्तक हा शब्द सर्रास छापला गेला. तो शब्द इथे सैल आहे: कायद्याने दत्तक जाणे म्हणजे नाव, वारसा, घर सगळे बदलणे, आणि पालकत्वाची घोषणा म्हणजे खर्चाची हमी. पाड्यावरच्या आजीला हा फरक कोणी समजावला नाही, तर तिला एवढेच ऐकू येते की नातू नेणार आहेत.

अशा प्रसंगानंतरचा पहिला आठवडा सगळीकडे सारखाच दिसतो. जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर कपड्यांचा डोंगर. ओल्या हवेने त्याला कुबट वास. त्यात लग्नातल्या शेरवान्या, फाटक्या चेनच्या जीन्स, एका पायाचे बूट. बायका काठीने ढीग उपसून नेसता येईल असे लुगडे शोधतात, आणि पोरे बिस्किटांचे पुडे खिशात कोंबतात, कारण उद्या गाडी येईल याचा भरवसा नसतो. पाण्याच्या बाटल्यांची खोकी पावसात भिजत पडतात, ज्या पावसाने गाव बुडवले त्याच पावसात. कोणी भजन मंडळ पिठले-भात घेऊन येते, कोणी मशिदीतले तरुण ताडपत्री, कोणी चर्चच्या बाया औषधांची पेटी. या गर्दीत मनापासून आलेले बरेच असतात. भात रांधणाऱ्याला देवाचे नाव घेऊन रांधावेसे वाटते यात वावगे काही नाही; उलट सप्ताहाचा भंडारा वर्षानुवर्षे केलेल्या माणसालाच पाचशे पानांचा अंदाज असतो. हरिनाम सप्ताहातून मुरबाड-शहापूरच्या गावांनी मिळवलेले हे कौशल्य कोणत्याही आपत्ती व्यवस्थापन आराखड्यापेक्षा जुने आहे. फोटोपुरता मुलाला मांडीवर घेणारा पाहुणाही त्याच गर्दीत असतो. मूल कॅमेऱ्याकडे पाहत नाही. ते हातातल्या पुड्याकडे पाहते.

याच आठवड्यात सगळ्यात धोक्याची गोष्ट घडू शकते, ती म्हणजे चांगल्या मनाने मूल गाडीत बसवून नेणे. कायदा याबाबत स्पष्ट आहे. आधाराविना सापडलेले मूल 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे, किंवा 1098 वर कळवले पाहिजे. नातेवाइकांचा शोध समितीने घ्यायचा, आणि कोणी सांभाळणारे नाहीच असे ठरल्यावर पुढचा विचार. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने अशीच घाई रोखली होती: पोरक्या मुलांना दत्तक देणे थांबवून नागपट्टणम, कडलूरकडे सरकारी निवासगृहे उघडली. आपत्तीनंतरच्या धावपळीत मूल आणि माल यांत फरक राहत नाही, आणि मुले पळवणाऱ्यांना तेच हवे असते.

मग राहतो तो कागद. मूल मामाकडे किंवा आजीकडे राहिले तर शासनाची बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आणि महिन्याला 2250 रुपये. ओतूरहून पत्र लिहिणाऱ्या बाईच्या नावाने घाटाखालच्या आजीला पैसे मिळावेत, हा योग छान जुळला आहे. पण तिथवर पोचायला आईबापाचे मृत्यूचे दाखले लागतात. सर्वसाधारण कायद्यात बेपत्ता माणूस मृत मानायला सात वर्षे जावी लागतात. मातीखाली राहिलेल्यांसाठी शासनाने वेगळा निर्णय घेतला तरच दाखला लवकर निघतो. मग रेशनकार्ड, आधार, मुलाच्या नावाचे खाते. आजीच्या बोटांवर शेतमजुरीने रेषाच उरलेल्या नसतात, त्यामुळे अंगठा यंत्राला पटत नाही. ती पदराने बोट पुसते, यंत्रावर ठेवते, यंत्रापाशी बसलेला पोऱ्या मान हलवतो, ती पुन्हा पुसते. तासाभराने सांगितले जाते की नेट गेले आहे, उद्या या. उद्या म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी बुडाली आणि जीपचे जाऊन-येऊन भाडे.

जमिनीचे कागद याहून गुंतागुंतीचे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तो विकता येत नाही, वारशाने मात्र जातो. दोघेही एकाच रात्री गेले तर वारसनोंद करायला जाणारे मूल सहा वर्षांचे असते. चुलता नांगर धरतो, तेही मुलाच्याच पोटासाठी, आणि दहा वर्षांत ते शेत चुलत्याचे होऊन जाते. कोणी फसवले असे म्हणता येत नाही. नोंद झाली नाही, एवढेच. कपड्यांची गाडी पाठवणाऱ्या शंभर मंडळांपैकी एखाद्याने तलाठ्याकडे चार खेपा घातल्या असत्या तर त्या मुलाला जन्मभराची भाकरी मिळाली असती. तलाठ्याकडच्या खेपेचा फोटो निघत नाही.

इथपर्यंतची चर्चा मोठ्या आपत्तींची झाली. शहापूर-मुरबाडची बहुसंख्य पोरकी मुले मात्र ज्या आपत्तीतून येतात तिला नाव नसते. लावणीच्या दिवसांत शेतात पडलेली वीज, रात्री भिंतीच्या भेगेतून आलेला मण्यार, ओढ्याला आलेला लोंढा, क्षय, दारू. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीवर बाप गेला तर उचल फिटलेली नसते. तिचा बोजा बायकोवर आणि मग हाताशी आलेल्या पोरावर येतो. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने कागदावर संपवली आहे. या आपत्तींत एका वेळी एक माणूस मरतो, म्हणून मंत्री येत नाही, गाडी येत नाही, ओट्यावर कपडे पडत नाहीत. दहाव्याला नातेवाईक जमतात, मामा एका पोराला नेतो, आत्या एकाला, आणि उरलेले आश्रमशाळेत.

कधी आपत्ती इथली असते आणि पोरके दुसरीकडे होतात. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर यंत्रासह कोसळला आणि 20 जण गेले. बहुतेक परप्रांतीय कामगार. सरळांबेच्या परिसरातल्या लोकांनी रात्री धाव घेतली, पण मृतांच्या मुलांशी या तालुक्याचा संबंध शवपेट्या रवाना झाल्या त्या दिवशी संपला. बिहार, उत्तर प्रदेश, तमिळनाडूतल्या त्या मुलांनी शहापूर हे नाव एकदाच ऐकले असेल.

आश्रमशाळा हा या भागातला न बोलता मान्य झालेला अनाथाश्रम आहे. शहापूरला आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे आणि त्याच्या अखत्यारीत सरकारी व अनुदानित निवासी शाळा चालतात. जूनमध्ये पत्र्याच्या पेट्या घेऊन मुले येतात. आईबाप असलेल्यांना गणपतीला, दिवाळीला कोणीतरी न्यायला येते. वर्ग रिकामा होत जातो आणि शेवटी तीन-चार मुले राहतात, आणि स्वयंपाकाच्या मावशींना तेव्हा प्रत्येकाचे घर ठाऊक होते. पोरकेपण या शाळांत वर्षातून दोनदा असे मोजले जाते.

श्रद्धेचे काम या जागी सुरू होऊ शकते, आणि काही ठिकाणी होतेही. दिंडीला जाणारा एखादा विणेकरी सुट्टीला उरलेल्या पोरांना घरी नेऊन जेवू घालतो. एखादी निवृत्त शिक्षिका दर महिन्याला तालुक्याच्या गावी येऊन योजनेच्या अर्जांचा पाठपुरावा करते. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरांचा गठ्ठा, प्रत्येकावर मुलाचे नाव आणि आजीचा शेजारच्या दुकानातला फोन नंबर. अशी माणसे स्वतःला समाजसेवक म्हणत नाहीत. विचारले तर देवाचे नाव घेतात किंवा विषय बदलतात. मोठ्या संस्थेचा फलक लागतो, देणग्या येतात, खोल्या बांधल्या जातात, आणि खोल्या बांधल्या की त्या भरायला मुले लागतात. कोणताही आश्रम या ओढीतून सहज सुटत नाही. हीच रक्कम आजीच्या घरावर पत्रे टाकायला, दुभत्या शेळीला, मुलीच्या सायकलला गेली तर मूल जागचे हलत नाही. पण आजीच्या घरावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही.

कसोटीची वेळ अठराव्या वर्षी येते. बालगृहाचे दार त्या दिवशी बंद होते. पुढे एकवीसपर्यंत अनुरक्षण गृहाची सोय कायद्यात आहे, जागा थोड्या. 2018 साली महाराष्ट्राने शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. करोनाने आईबाप नेले अशा मुलांच्या नावावर राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, आणि केंद्राच्या योजनेत तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळायचे आहेत. ठाकर किंवा कातकरी मुलाला मात्र आधी जातीचा दाखला हवा असतो, आणि त्याला आजोबा-पणजोबांचा 1950 च्या आधीचा पुरावा. शाळेची पायरी न चढलेल्या घरातला तो पुरावा म्हणजे एखाद्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीतली ओळ, नाहीतर म्हाताऱ्या माणसाची आठवण. पणजोबा कोणत्या पाड्यावरून इथे आले, आडनाव कधी लावले, कोणत्या वहीत कोणत्या नावाने नोंद असेल, हे बापाला माहीत होते. तो गेला. आता ते आजीला माहीत आहे. तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून ती नातवाला एकेक नाव सांगते आणि तो मोबाइलमध्ये टिपून घेतो; मधेच ती थांबते, डोके खाजवते, आणि म्हणते, थांब, आठवू दे.